ॲडलेडच्या किनाऱ्याचा जुना फ्रेंच नकाशा मिळालाय, अस्सल असेल का? आणि रेखांश चुकलेत का?

नीलमोहर
नमस्कार मंडळी. मी ॲडलेडला राहते, अकरा वर्षं झाली. गेल्या रविवारी आमच्या इथे एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, मी गेले होते खरं तर पितळेचे डबे बघायला, आणि गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली एक मोठी फ्रेम दिसली. काच धुळीने माखलेली, आत समुद्रकिनाऱ्याचा नकाशा. पदराने काच पुसली आणि मी उडालेच. तो बुटासारखा लोंबणारा पाय म्हणजे आमचा यॉर्क द्वीपकल्प, खाली आडवं पडलेलं कांगारू बेट, सगळं ओळखीचं, पण नावं एकही ओळखीचं नाही! आम्ही रोज संध्याकाळी ज्या किनाऱ्यावर फिरायला जातो त्या आखाताला लिहिलंय 'गोल्फ जोसेफिन', शेजारच्याला 'गोल्फ बोनापार्ट', कांगारू बेटाला 'इल देक्रे'. आणि वर शीर्षकात 'तेर नापोलेओं', म्हणजे नेपोलियनची भूमी. फ्रेसिने असं एक नाव आहे आणि १८०८ साल.

चाळीस डॉलरला घेऊन आले. आता प्रश्न असा की हा अस्सल आहे का नंतर छापलेली नक्कल? आणि दुसरं, कडेचे रेखांश मी गुगलशी ताडून बघितले तर सरळ दोन अंशांहून जास्त फरक येतोय, ॲडलेड एकशे साडेअडतीसच्या पुढे हवं आणि यात एकशे छत्तीसच्या आसपास दिसतंय. एवढे नावाजलेले दर्यावर्दी इतकं चुकतील? कागदावर तपकिरी ठिपके पण आहेत, त्यांचं काय करावं तेही सांगा.

शाईपेन
आधी अभिनंदन!! आता फ्रेममधून काढल्याशिवाय कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. काढलात की एक साधं भिंग घ्या, दहापट वालं, आणि रेघा बघा. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई. अस्सल असेल तर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला असणार, मग रेघ सलग आणि काळीभोर दिसते आणि बोटाचं टोक अगदी हलकं फिरवलं तर शाई किंचित वर आल्यासारखी लागते. आणि नकाशाच्या चौकटीबाहेर चारही बाजूंनी कागद दाबला गेल्याची खूण शोधा, पत्रा दाबयंत्रातून जाताना कडेची घडी उमटते तशी. ती कागद तिरपा धरून उजेडात दिसते.

पॅसिफिककाठी
रेखांश अजिबात चुकलेले नाहीत. फ्रेंच लोक तेव्हा ग्रीनिचपासून मोजतच नव्हते, पॅरिसच्या वेधशाळेपासून मोजायचे. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं आहे. तुमच्या आकड्यात तेवढे मिळवा आणि बघा.

नीलमोहर
आत्ता मिळवले. बरोब्बर आलं हो! अंगावर काटा आला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी लाकडी जहाजावर हलत डुलत बसून काढलेला आकडा माझ्या फोनशी जुळतोय.

पॅसिफिककाठी
नकाशाच्या कडेला बघा, लहान अक्षरात 'मेरिदिएँ द पारी' लिहिलेलं असेल. फ्रान्सने कायद्याने ग्रीनिचची वेळ घेतली १९११ मध्ये, तोपर्यंत त्यांचं मन होत नव्हतं. जुने फ्रेंच नकाशे बघणाऱ्या प्रत्येकाची पहिल्यांदा हीच फसगत होते.

कोकणकडा
या नकाशामागे केवढी मोठी गोष्ट आहे, लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

निकोला बोदँ नावाचा कप्तान, ऑक्टोबर १८०० मध्ये ल हाव्र बंदरातून निघाला, दोन जहाजं 'जिओग्राफ' आणि 'नॅचरलिस्ट', बरोबर शास्त्रज्ञ, माळी, चित्रकार असा लवाजमा. काम होतं ऑस्ट्रेलियाचा (तेव्हा न्यू हॉलंड) उरलेला किनारा मोजायचं. दक्षिणेचा बराच किनारा तोवर कुणी नीट आखलेलाच नव्हता. आणि नेमका त्याच वेळी इंग्रजांचा मॅथ्यू फ्लिंडर्स 'इन्व्हेस्टिगेटर' घेऊन तेच काम पश्चिमेकडून करत येत होता. ८ एप्रिल १८०२ ला दोघं समोरासमोर आले. इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध चालू आहे असं दोघंही समजत होते, प्रत्यक्षात दोन आठवड्यांपूर्वीच तिकडे युरोपात तह झाला होता, पण ही बातमी तिथे कशी पोचणार? फ्लिंडर्सने तोफा तयार ठेवून पांढरं निशाण लावलं आणि फ्रेंच जहाजावर गेला. सोबत फ्रेंच भाषा येणारा त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन होता. भांडण झालं नाही, नकाशांवर बोलणं झालं. ती जागा म्हणजे आजचा एन्काउंटर बे, तुमच्या ॲडलेडहून गाडीने तासदीडतासात व्हिक्टर हार्बरला गेलात की समोर तोच समुद्र.

नंतर सिडनीला भेट झाली तेव्हा बोदँच्या एका अधिकाऱ्याने फ्लिंडर्सला म्हटलं की आम्ही टास्मानियात शिंपले वेचत आणि फुलपाखरं पकडत बसलो नसतो तर हा किनारा तुमच्या आधी आम्हालाच सापडला असता. फ्लिंडर्सने हे लिहून ठेवलंय. त्या माणसाची हळहळ मला अगदी समजते.

नीलमोहर
व्हिक्टर हार्बरला आम्ही दर उन्हाळ्यात जातो!! मुलांना तिथे घोड्याची ट्राम आवडते. आजवर हे नाव का पडलं हे विचारलंच नव्हतं.

जुनाबाजार
सगळं खरं, पण तुमचा नकाशा म्हणजे चोरी आहे हे पण सांगा की. फ्लिंडर्स परत जाताना मॉरिशसला उतरला तर फ्रेंच गव्हर्नर देकाँने त्याला हेर ठरवून डांबून ठेवलं, डिसेंबर १८०३ पासून जून १८१० पर्यंत, साडेसहा वर्षं! तोवर इकडे पॅरिसमध्ये यांनी नकाशा छापून घेतला आणि आखातांना नेपोलियनची आणि त्याच्या बायकोची नावं देऊन मोकळे. त्या दोन आखातांत फ्लिंडर्स आधी गेला होता.

कोकणकडा
चोरी म्हणणं मला पटत नाही. बोदँच्या माणसांनी ती आखातं स्वतः मोजली आहेत, त्यासाठीच तर सिडनीला 'कॅझुअरिना' नावाची लहान गोलेत (शिडाचं छोटं जहाज) विकत घेतली होती, कारण मोठं जहाज उथळ पाण्यात घालता येईना. फ्रेसिने तिचा कप्तान होता. तुमच्या शीर्षकातच नीट बघा, 'जिओग्राफ' आणि 'कॅझुअरिना' या दोघांच्या मोजमापावरून असं असणार. फ्लिंडर्सचे कागद बघून नक्कल केली असा आरोप झाला होता खरा, पण मोजणी त्यांची स्वतःची होती. अन्याय झाला तो नावांचा. सगळ्यात आधी पोचलेल्याची नावं डावलून आपली दिली, हे वाईटच. फ्रेंचांनी खरोखर पहिल्यांदा पाहिलेला किनारा त्या सगळ्यात थोडासाच आहे, एन्काउंटर बेच्या आग्नेयेला.

जुनाबाजार
मान्य, चोरी हा शब्द मागे घेतो. पण एक वही देकाँने शेवटपर्यंत ठेवून घेतली, फ्लिंडर्सला दिली नाही, हे विसरू नका. आणि पूर्ण ऑस्ट्रेलिया दाखवणारा पहिला छापील नकाशा फ्रेसिनेचा, १८११ चा. फ्लिंडर्सचा आला १८१४ मध्ये. १८ जुलैला पुस्तक बाहेर पडलं आणि १९ जुलैला माणूस गेला. चाळीस वर्षांचा होता फक्त.

अबोली
हे वाचून डोळ्यात पाणी आलं. त्याची मांजर पण होती ना बरोबर? ट्रिम?

जुनाबाजार
बोका होता. सगळ्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालून आला आणि मॉरिशसला हरवला. फ्लिंडर्सने त्याच्यावर कैदेत बसून लिहिलंय.

अबोली
आमच्या बोक्याला सोफ्याभोवती प्रदक्षिणा जमत नाही :)

भरतीओहोटी
धाग्यावर जरा माझ्याकडचं घालतो. मी देवगडचा, घरात तीन पिढ्या मासेमारी. मला फ्रेंच येत नाही, पण गॅलिका म्हणून फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साईट आहे तिथे असे हजारो नकाशे फुकट बघायला मिळतात आणि मी रात्र रात्र ते बघत बसतो. त्यात आप्रे द मॅनव्हिलेत नावाच्या माणसाचं 'नेप्च्यून ओरिएंताल' आहे, १७४५ चं आणि मग वाढवून १७७५ चं. हा काही शोधमोहिमेवर निघालेला नव्हता, फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान. पण हिंदी महासागरातल्या वाटा त्याने इतक्या नीट बसवल्या की इंग्रजसुद्धा वापरायचे. त्यात गुजरात, खंबातचं आखात आणि खाली 'कोंकां' किनारा आहे. आपलं कोकण फ्रेंच स्पेलिंगात, बघून फार बरं वाटलं.

आता खरी गंमत. समुद्रात जे आकडे टाकलेले असतात ते खोलीचे. त्या काळचे फ्रेंच 'ब्रास' मध्ये मोजायचे, आणि ब्रास म्हणजे काय तर दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी होते ती. ही तर आपली वाव! माझे आजोबा दोरी सोडताना असंच हात पसरून 'एक वाव, दोन वाव' मोजायचे. फक्त फ्रेंच ब्रास पाच फुटांची, म्हणजे त्यांच्या फुटांची, साधारण १ मीटर ६२ सेंटिमीटर, आणि इंग्रजी फॅदम सहा फुटांचा, १ मीटर ८३. म्हणजे फ्रेंच नकाशावरचा आकडा इंग्रजी समजून वाचलात तर दर वावेला वीतभर पाणी जास्त धरलं जाणार. दहा वावांत सात फूट. खडकावर बसायला तेवढं पुरेसं आहे.

आणि आकड्याशेजारी बारीक अक्षरं असतात बघा, एस म्हणजे वाळू, व्ही म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी भरायची. गोळा तळाला टेकला की चरबीला जे चिकटून येईल तो तळ. वाळू आली तर नांगर टाकायचा, खडक आला तर पुढे जायचं. प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी भिजलेल्या हातांनी दोरी ओढलेली आहे. असा एकेक नकाशा म्हणजे हजारो वेळा ओढलेली दोरी.

शाईपेन
हा प्रतिसाद जपून ठेवला. वाव हा शब्द मी आजीनंतर पहिल्यांदा वाचला.

बाराबंदी
मला एक वेगळी गोष्ट खटकते, राग मानू नका. हे नकाशे सुटे छापून विकले जात तसे मोठ्या अॅटलसात बांधलेलेही असत. आज बाजारात जे सुटे मिळतात त्यातले कितीतरी कुणीतरी अॅटलस फाडून, पान पान वेगळं करून विकलेले असतात, कारण अख्ख्या ग्रंथापेक्षा पानांचे पैसे जास्त होतात. आपण फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो तेव्हा एका ग्रंथाचा जीव गेलेला असतो. दोनशे वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या पिढीत सुटी व्हावी हे मला सहन होत नाही.

पॅसिफिककाठी
तुमचं दुःख रास्त आहे पण नीलमोहर यांनी फाडलेलं नाही ना. गॅरेजमधून वाचवलंय. त्या घरी अजून दोन पावसाळे राहिला असता तर वाळवीने खाल्ला असता.

बाराबंदी
त्यांना नाही म्हणत मी. त्या सांभाळतीलच. विकत घेताना विक्रेत्याला 'हा कुठल्या अॅटलसातून आला, कधी सुटा झाला' एवढं प्रत्येकाने विचारावं, एवढंच म्हणणं आहे. विचारणारे वाढले की फाडणारे कमी होतील.

तांबडामाती
सांभाळण्यावरून, हात जोडून सांगते, कुणी लॅमिनेट करू नका!! माझ्या आजोबांचा मुंबई बेटाचा जुना नकाशा होता, लिथोचा (दगडावरून छापलेला), फार जुना नव्हता पण घरचा. मी एका फ्रेमवाल्याकडे दिला, काच नको म्हटलं, त्याने न विचारता गरम लॅमिनेशन करून आणलं, वर म्हणाला मॅडम आता पाण्यातसुद्धा काही होणार नाही. प्लास्टिक कागदात वितळून बसलंय, आता कुणीही काढू शकत नाही, मी दोन ठिकाणी विचारून आले. आठ वर्षं झाली, अजून कपाटावर पालथा ठेवलाय, बघवत नाही. सेलोटेप पण नको, त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. आम्लमुक्त पुठ्ठा, अतिनील किरणं अडवणारी काच, काच आणि कागद यांच्यात थोडी जागा, आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर लावायचा नाही. तपकिरी ठिपके घरच्या घरी काढायला जाऊ नका, ते दमटपणाने येतात, जागा कोरडी ठेवली की वाढत नाहीत.

गंगाघाट
मी कोलकात्याचा मराठी माणूस, इथलं एक सांगायलाच हवं, कारण फ्रेंच मोहिमांचं सगळ्यात मोठं कोडं इथून निघालेल्या जहाजाने सुटलंय.

बोदँच्या आधीचा फ्रेंच दर्यावर्दी म्हणजे लापेरूझ. १ ऑगस्ट १७८५ ला ब्रेस्टहून निघाला, 'बूसोल' आणि 'ॲस्ट्रोलाब' दोन जहाजं. मार्च १७८८ मध्ये सिडनीजवळचं बॉटनी बे सोडलं आणि नाहीसा झाला. फ्रान्सने शोधायला दांत्रकास्तोला पाठवलं १७९१ मध्ये. ही मोहीम मे १७९३ मध्ये पॅसिफिकमधल्या व्हॅनिकोरो बेटाच्या इतकी जवळून गेली की बेट दिसलं, नकाशावर नावसुद्धा टाकलं, पण उतरली नाही. लापेरूझची जहाजं तिथेच फुटली होती. काही माणसं तेव्हा जिवंत असतीलही. दांत्रकास्तो स्वतः दोन महिन्यांनी स्कर्व्हीने वाटेतच गेला.

मग १८२६ मध्ये पीटर डिलन नावाचा कप्तान टिकोपिया बेटावर थांबला. तिथे एक आपल्याकडचा खलाशी, लास्कर, बरीच वर्षं राहत होता. त्याच्याकडून आलेली चांदीची तलवारीची मूठ डिलनच्या हाती लागली, आणि चौकशी केल्यावर कळलं की पलीकडच्या बेटावर फार पूर्वी दोन मोठी जहाजं फुटलेली आहेत. डिलन ते घेऊन थेट कलकत्त्याला आला, कंपनी सरकारने त्याला 'रिसर्च' नावाचं जहाज दिलं, १८२७ च्या जानेवारीत इथून तो निघाला आणि व्हॅनिकोरोहून घंटा, तोफा, भांडी घेऊन आला. म्हणजे चाळीस वर्षं फ्रान्सला जे कळलं नाही त्याचा पहिला धागा एका हिंदी खलाशाच्या हातात होता. त्याचं 'जो' एवढंच नाव उरलंय.

कोकणकडा
वा गंगाघाट! आणि पुढचं मी सांगतो, राहवत नाही. त्या वस्तू पॅरिसला नेल्यावर ओळखायच्या कुणी? लापेरूझने १७८७ मध्ये कामचाटकात एका तरुण दुभाष्याला उतरवलं होतं, बार्तेलेमी द लेसेप्स. त्याच्याकडे तोवरच्या वह्या आणि नकाशांची पेटी दिली आणि सांगितलं, जमिनीवरून फ्रान्सला जा. बिचारा कुत्र्यांच्या गाड्या, घोडे, मिळेल ते करत अख्खा सायबेरिया ओलांडून वर्षभराने व्हर्सायला पोचला. तो वाचला आणि त्याने आणलेले नकाशे वाचले. १७९७ चा लापेरूझचा अॅटलस म्हणतात तो छापता आला त्यात या पेटीचा वाटा फार मोठा. आणि डिलनने आणलेल्या वस्तू म्हातारपणी ओळखल्या त्या याच लेसेप्सने.

मी जेव्हा त्या अॅटलसातली सखालिनची सामुद्रधुनी बघतो तेव्हा मला बर्फातली ती पेटी दिसते. तिथल्या एका आयनू (तिथले मूळ रहिवासी) म्हाताऱ्याने लापेरूझला वाळूत रेघा काढून दाखवलं होतं की ही जमीन बेट आहे, मग एका तरुणाने पेन्सिल घेऊन कागदावर काढलं. युरोपात तोवर त्याबद्दल वाद चालू होता. अशी किती माणसं या नकाशांत आहेत, नावाशिवाय.

अबोली
आता हे सगळं वाचायला आज ऑफिसचं काम बाजूला पडलंय. पण नीलमोहर, नकाशा काढलात का फ्रेममधून??

नीलमोहर
काढला. नवरा, मुलगा आणि मी, डायनिंग टेबलावर स्वच्छ चादर घालून, हात धुऊन पुसून. मागचा पुठ्ठा खिळ्यांनी ठोकलेला होता, एकेक खिळा पकडीने काढायला तास गेला.

शाईपेन, भिंगातून ठिपके नाहीत. रेघा सलग आहेत, आणि यॉर्कच्या टोकाला जिथे डोंगर दाखवायला बारीक रेषा ओढल्यात त्या इतक्या जवळ जवळ आहेत की नुसत्या डोळ्याला करडा रंग वाटतो. आणि दाबाची खूण आहे! तीन बाजूंनी अगदी स्पष्ट, मुलाने टॉर्च आडवा धरला आणि "आई, कडा वर आलीये" म्हणून ओरडला. चौथ्या बाजूला कागद खूणेच्या आतूनच कापलाय. मधोमध उभी घडी आहे, म्हणजे बाराबंदी, तुमचं बरोबर असावं, हा कुठल्यातरी अॅटलसातच होता. वाईट वाटलं. निळा रंग मात्र नंतर भरलेला दिसतोय, कारण घडीवर कागद जिथे तडकलाय तिथे रंग तडीच्या आत शिरलाय.

शाईपेन
मग शंका घ्यायला फारसं काही उरलं नाही. अस्सल समजा. रंग नंतरचाच, हे नकाशे सहसा बिनरंगाचेच विकले जायचे. शीर्षकात १८०८ असला तरी छापून लोकांच्या हाती आला तो १८११ च्या सुमारास. तरी एकदा तुमच्या राज्याच्या ग्रंथालयात दाखवून घ्या, त्यांच्याकडे ताडून बघायला प्रत असेल.

नीलमोहर
फोन केला होता, पुढच्या गुरुवारी घेऊन बोलावलंय. विकायचा नाहीये, तेवढं पक्कं.

काल मुलाने एक उद्योग केला. नकाशाचा फोटो काढून मोठा प्रिंट घेतला आणि पेन्सिलने जी नावं आजही तशीच आहेत त्यांना गोल करत बसला. जोसेफिन गेली, बोनापार्ट गेला, देक्रे गेला. मग एकदम त्याला 'फ्ल्योरियो' सापडलं, आम्ही व्हिक्टर हार्बरला जाताना ज्या डोंगरांतून जातो तो फ्ल्योरियो द्वीपकल्प. मग लासेपेद बे. मग रिव्होली. खाली आग्नेयेला गोल वाढत गेले.

कोकणकडा
अरे, तोच तो भाग! खरोखर फ्रेंचांनी आधी पाहिलेला किनारा त्याच बाजूला आहे, तिथे फ्लिंडर्सनेही त्यांची नावं मान्य केली. मुलाला सांगा की त्याने पेन्सिलने आमचा वाद मिटवला.

भरतीओहोटी
आणि कांगारू बेटावर जाल तेव्हा पेनेशॉच्या किनाऱ्यावर तो खडक बघा, बोदँची माणसं १८०३ मध्ये पाणी भरायला उतरली तेव्हा त्यांनी मोहिमेचं नाव आणि साल कोरलेलं. आता तिथे प्रतिकृती आहे, मूळ खडक हलवून सांभाळलाय. बोदँ मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉरिशसला वारला, फ्रान्स पुन्हा बघितलंच नाही, आणि पुढे छापलेल्या प्रवासवर्णनात त्याच्याच माणसांनी त्याचं नाव जवळपास येऊ दिलं नाही.

नीलमोहर
मग माझ्या नकाशावर बोदँचं नाव कुठे आहे का ते आज रात्री भिंग घेऊन शोधते.

नीलमोहर
शीर्षकात नाही. फ्रेसिनेचं आहे, दोन्ही जहाजांची आहेत. किनाऱ्यावरची नावं अजून निम्मी वाचायची राहिलीत, मुलगा झोपला, उद्या परत बसतो.